मायच्या घोंगडीतून गाळलेलं पेट्रोल

मोटार माझ्या हातात आली ती मला चालवता येत व्हती म्हनून न्हाई. मालकाला मी स्वस्तात पडत व्हतो, एवढंच. शाळेत मी जन्मात एकदाच गेलो, तेबी मेंढरू आत घुसलं व्हतं त्याला काढायला. मास्तरनं आमा दोघांलाबी एकाच छडीनं भायेर काढलं. आता मी बोलायलोय आन् नात लिहायलीय. ती मधीच हात थांबवून म्हनती, "आबा, हे शुद्ध करू का?" मी म्हनलो, "नको माय, शुद्ध केलं तर हे माझं हाय असं कोन म्हनंल?"

तवा मी इसेक वरसांचा असंल. आमचं गाव जिंतूरहून चारठान्याला जाताना मधी लागतं. गावात एकच मोटार, मालकाची. काळी, वर कापडाचं छत, पुढं दोन मोठे दिवे बेडकाच्या डोळ्यासारखे. निजामाच्या टायमाला हैद्राबादहून आनलेली. राज्य गेलं, मालकाची जहागीर गेली, पन मोटार न्हाई गेली, आन् मोटारीबरोबर मदारचाचाबी न्हाई गेला. वीस वरसं ती गाडी त्यानंच चालवली. पुढं मालकाचा हात आखडला तवा त्यानं चाचाला सांगितलं, "मदार, आता घरी बस, आराम कर." आन् माझा बाप मालकाच्या रानात मेंढरं बसवायचा, म्हून त्याच्या पोराला, मंजे मला, गाडीवर घेतलं. मी गाडी धूत व्हतो आन् मेंढरं उठल्यावर मोकळ्या रानात ती गोल गोल फिरवायला शिकलो व्हतो. गोल फिरवायची सवय एवढी, की सडकेवर सरळ जाताना मला भ्या वाटायचं.

घर आमचं दोन खनांचं, कुडाचं. आत पाऊल ठिवलं की आधी लोकरीचा वास, मग चुलीचा, मग मानसं दिसायची. माय दिसभर टकळी फिरवायची. तिची ती घुर्र घुर्र माझ्या कानात इतकी बसली की टकळी थांबली की मी झोपेतून जागा व्हायचो. बा घोंगडी इनायचा, आन् माय तिला खळ लावायची. चिंचोके भाजायचे, फोडायचे, रातभर भिजत घालायचे, दगडावर वाटायचे आन् मोठ्या मडक्यात शिजवायचे. मायची एक खोड व्हती, त्यात ती कडुलिंबाचा पाला घालायची, कसर लागू नये म्हून. खळ शिजायला लागली की बा उठून भायेर जायचा. त्या कडू वासात आमी भाकरी खाल्ल्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून लसनाची फोडनी, आन् शेळीचं ताक. अंबाडी आंबट, वास कडू, आन् मायचं बोलनं तिखट. पन तिची घोंगडी अशी घट, की पावसात डोक्यावर घेऊन बसा, वरून पानी घरंगळून जायचं, आत थेंब यायचा न्हाई. जिंतूरच्या बाजारात लोक मायचं नाव घेऊन घोंगडी मागायचे. हे मी कौतुकानं सांगायलोय खरं, पन माझा घात बी ह्याच कौतुकानं केला.

चाचानं गाडी माझ्या ताब्यात दिली त्या दिवशी त्यानं मला एक एक गोष्ट हातात घेऊन दाखवली. हँडल, पान्हे, हवेचा पंप, नरसाळं. नरसाळ्यात एक मऊ पिवळं कातडं बसवलेलं व्हतं. तो म्हनला, "देख खंडू, पेट्रोल डब्यातून येतं, त्याच्यात पानी बी असतं, गंज बी असतो. ह्या कातड्यातूनच गाळायचं. पेट्रोल उतरतं, पानी वरच राहतं. ह्याला जिवासारखं जप." मी "हौ चाचा, हौ चाचा" म्हनत व्हतो, आन् गाडीच्या आरशात बघून भांग पाडत व्हतो. त्यानं आनखी काय काय सांगितलं ते त्या आरशाला म्हाईत असंल.

आता मेंढ्या राखनाऱ्याच्या पोराला कातड्याचं काय अप्रूप? मला वाटलं, जुनं झालंय, मळकं झालंय, म्हाताऱ्याची कंजुशी. ते मी काढून घरी नेलं आन् बाच्या वहानंला आतून ठिगळ लावलं. बा खूश. वरसात पहिल्यांदा तो मला "शहाना हायेस" म्हनला. आन् नरसाळ्याला मी काय लावलं? मायच्या नव्या घोंगडीचा तुकडा. माझं डोकं असं चाललं: घोंगडीतून पानी जात न्हाई, हे जगाला म्हाईत हाय. पेट्रोल पान्यापेक्षा पातळ. मंजे पेट्रोल जाईल, पानी अडंल. मी वतून बघितलं. पेट्रोल गेलं की हो! मी सोताच सोताच्या पाठीवर थाप मारली. आजबी हिचा भाऊ म्हनतो, आबा तुमची आयडिया निम्मी बरोबर व्हती. मी म्हनतो, बाबा, निम्म्या बरोबर आयडियानंच मानूस पुरा बुडतो. सगळी चूक असती तर मलाच कळली असती.

पंध्रा दिस गाडी वाऱ्यासारखी पळाली. मग एक दिस जिंतूरच्या वाटंवर ओढ्याजवळ खोकली, आचके दिले, आन् बंद. मी उतरलो, टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून आत बघितलं. कामून बघितलं ते मला म्हाईत न्हाई, डायवर लोक बघतात म्हून बघितलं. जरा येळानं हँडल मारलं तर पहिल्या झटक्यात चालू. दुसऱ्या फेरीला परत तिथंच बंद. लोक म्हनले, ओढ्याजवळची जागा वाईट हाय. मी लिंबू उतरवलं. मग एकदा चारठान्याच्या अंगाला गेलो तर तिकडंबी तेवढंच अंतर गेल्यावर बंद. तवा कळलं, भूत ओढ्यात न्हाई, ते गाडीतच बसून माझ्यासंगं फिरायलंय. मी प्लग काढून राखेनं घासले. नळीवर ओलं फडकं गुंडाळलं. पोखर्नीच्या नरसिंहाला नारळ बोललो. पन तिथवर जायला गाडी पाहिजे, आन् गाडी तर दोन कोसावर मान टाकायची, म्हून तो नारळ घरातच राह्यला आन् शेवटी मायनं चटनीत घातला.

हितपोत्तर हसन्यावारी व्हतं. पुढचं सांगताना मला आजबी नातीकडं बघवत न्हाई.

एक दिस मालकाच्या ओट्यावर चार मानसं बसली व्हती. मालकाचा कारभारी, लिहिनारा-वाचनारा मानूस, त्यानं मला इचारलं, "काय रे खंडू, मदारच्या हातात वीस वर्षं गाडी कुठं अडली नाही. तुझ्याच हातात कशी अडायलीय?" समदे माझ्याकडं बघायले. मी म्हनलो, "मी तर हिला लेकरासारखी संभाळायलोय. माझ्याकडं यायच्या आधीच हिच्या पोटात काहीतरी गेलंय." कारभाऱ्याचे डोळे चमकले. "म्हणजे जाताना मदारनं टाकीत साखर टाकली की काय? रागानं?" आता तिथं एक शब्द बोलायचा व्हता, "न्हाई." दोन अक्षरं. तेवढं बोलायला शाळा लागत न्हाई. मी डोकं खाजवलं आन् म्हनलो, "कुनाच्या मनातलं कुनाला कळतंय?"

सांजच्याला ती साखर गावभर झाली. पानवठ्यावर बाया बोलायल्या, गिरनीवर गडी बोलायले. आन् त्याच हप्त्यात चाचा मालकाकडं चिठ्ठी मागायला आला. येलदरीला पूर्ना नदीवर धरनाचं काम लागलं व्हतं. तिथला साहेब पुढल्या बेस्तरवारी, मंजे गुरुवारी, गाड्यांवर डायवर घेनार व्हता, आन् त्याची अट व्हती, जुन्या मालकाची चिठ्ठी पाहिजे, मानूस इमानदार हाय म्हून. चाचाचं लायसन बी उर्दूतलं, जुन्या राज्यातलं. चिठ्ठी सोडली तर त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. मालक त्याला म्हनला, "मदार, आधी गाडीत काय आहे ते कळू दे. मग चिठ्ठीचं बघू." चाचानं ओट्याखाली उभं राहून सलाम केला आन् गेला. मी गाडी पुसत व्हतो. दिवा इतका घासला की त्याच्यात माझं तोंड दिसायला लागलं, मग दुसरीकडं गेलो.

आन् त्याच्या दुसऱ्या दिशी जिंतूरच्या भरल्या बाजारात गाडी बंद पडली. मालक आत. मागं पुढं बैलगाड्या. मालकाला घाई, कोर्टाचं काम, दम धरायला तयार न्हाई. शेवटी एका कुनब्याचे बैल सोडून गाडीला जुपले आन् आमी बाजारातून निघालो. लोक दोन्ही अंगाला उभे. एक भाजीवाली म्हनली, "ओ पाव्हनं, हिला कडबा टाकू का पेंड?" दुसरा म्हनला, "दूध किती देती?" मालक पागोटं सरळ करून नाकासमोर बघत बसला. घरी आल्यावर एवढंच म्हनला, "खंडू, आता एकदा बंद पडली, की तू मेंढरामागं."

तवा कुठं मला चाचाचं घर आठवलं.

चाचा अंगनात बाज इनत बसला व्हता. चाचीनं पानी दिलं, चहाचं इचारलं न्हाई. त्या घरातून बिनचहाचा मी कवा भायेर आलो नव्हतो. मी म्हनलो, "चाचा, गाडी बंद पडायलीय."

"हौ. गावात समद्यांनी सांगितलं. माझंच नाव घेऊन सांगितलं."

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायलो.

सुतळी वढता वढता तो म्हनला, "बंद पडते ती कशी? एकदम, का तडफडून?"

"तडफडून."

"आवाज काढून दाखव."

आता नकला करायचं तेवढं एक काम मला जन्मापासून येतं. मेंढा, कोंबडा, कारभारी, समद्यांचा आवाज मी काढायचो. मी दोन्ही हातात चाक धरल्यासारखं केलं आन् सुरू झालो. घर्र घर्र घर्र घर्र, मग मधीच एक घर्र गिळली, मग घर्र... घर्र... फट्! फट्! फुस्स. चाचानं डोळे मिटले व्हते. दारामागं चाची हसली आन् मग हसल्याचा राग येऊन भांडी आपटायला लागली.

"फट् मागून आला, धुराच्या नळीतून? का पुढून, कारबेटरातून?"

"पुढून."

"परत काढ. घाई नक्को करू. पहिला फट् यायच्या आधी ती दम घेते का, ते मला आयकू दे."

चार येळा काढली. चौथ्या येळंला माझाच दम लागला. चाचानं डोळे उघडले. "भुकी हाय रे ती. पेट्रोल कमी आन् हवा जास्त व्हायली, म्हून खोकते. पेट्रोल जास्त झालं असतं तर काळा धूर ओकली असती. आता असं कर. खोकायला लागली की चोक वढ. चोकनं हवा कोंडते. जरा सावरली तर मी म्हनतो ते खरं."

"चाचा, तुमीच चला की. एकदा बघा."

"मालकानं चिठ्ठी आडवून ठिवली. आता मी त्या गाडीला बोट लावलं, तर उद्या म्हनतील, साखर काढून घेतली." तो परत सुतळीकडं वळला. "तू जा. आयकून ये."

मी गेलो. खोकली, चोक वढला, दहा-बारा श्वास सावरली, मग मेली. येऊन चाचाला तो आवाज काढून दाखवला. तो म्हनला, "आता टाकीच्या झाकनाला बारीक छेद असतो. त्यातून हवा आत गेली न्हाई तर पेट्रोल खाली उतरत न्हाई. झाकन ढिलं करून चालव." तसंच केलं. तेवढंच अंतर, तोच फट्. परत आलो. तो म्हनला, "झाकनाचा कसूर न्हाई. आता बंद पडल्याबरोबर खाली उडी मार आन् कारबेटरच्या बुडाचा इस्क्रू खोल. बिडी पेटवत बसू नक्को. काय गळतं ते बघ. मग दम धरून परत खोल."

त्या गाडीत टाकी पुढच्या काचंखालीच व्हती, इंजनाच्या वर. तिथून एक नळी खाली कारबेटरात. पंप न्हाई, काही न्हाई, पेट्रोल आपसूक खाली गळायचं. मी ओढ्याजवळ उडी मारली, इस्क्रू खोलला. तीन थेंब. इस्क्रू लावून लिंबाखाली बसलो, मनात शंभर मोजायला घेतलं, मला इसाच्या पुढं मोजता येत नव्हतं म्हून पाच येळा वीस मोजलं. परत खोलला तर धार! थेट माझ्या बाहीत गेली.

हे आयकून चाचा पहिल्यांदा हसला. "कारबेटर बेकसूर हाय," तो म्हनला. "त्याला वरून जे मिळतं तेच तो पुढं देतो. वरूनच मिळंना तर तो काय करील? टाकी रिकामी कर. बुडाची तोटी काढ. आन् बोट घाल."

टाकी रिकामी केली, तोटी काढली, बोट घातलं. बुळबुळीत काहीतरी हाताला लागलं. आधी वाटलं उंदराचं पिल्लू. वढून काढलं तर काळा, चिकट गोळा, सुपारीएवढा. मी तो पळसाच्या पानात घेऊन चाचाकडं पळालो. तवा खरंच मला वाटलं, ही साखरच हाय, फुगलेली. मी असा येडा, की साखर काळी झाली तरी मला चालत व्हती.

चाचानं तो गोळा बोटात चोळला. वास घेतला. त्यातून एक लांब केस वढून उजेडात धरला. मग तो केस हळूच माझ्या खांद्यावरच्या घोंगडीजवळ नेला. काळ्यावर काळा दिसंना.

"कातडं कुठं हाय, खंडू?"

"बाच्या वहानंत."

मग लेकराला सांगावं तसं त्यानं सांगितलं. घोंगडी पान्याला आडवती ती अंगावर. नरसाळ्यात रोज पेट्रोल वतलं की तिचा केस सुटतो, खळीची भुकटी सुटते. पानी समदं अडत न्हाई, थोडं जातंच, ते टाकीच्या बुडाशी बसतं. त्या पान्यात खळ फुगते, केसाला धरते, गोळा होतो. गाडी चालू असली की पेट्रोलच्या ओढीनं तो गोळा भोकावर जाऊन बसतो, बुचासारखा. गाडी बंद पडली, ओढ थांबली, की गोळा उचलतो. म्हून ती दम खाऊन चालू व्हायची. एवढं सांगून त्यानं गोळा परत पानात ठिवला, पान माझ्या हातात दिलं आन् इचारलं, "साखर तर न्हाई ना रे ही?"

बस, एवढंच. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी जाऊन नकलंसकट सांगितल्या असत्या.

टाकी धुतली, कातडं वहानंतून उसवून काढलं. बा म्हनला, "कालपोत्तर शहाना व्हतास." कातडं सोडा घालून धुतलं, तरी त्याला बाच्या पायाचा वास राह्यलाच. गाडी चालली. मालकाला चारठान्याला नेऊन आनलं, एक आचका न्हाई. मालक खूश होऊन ओट्यावर बसला आन् म्हनला, "खंडू, शेवटी काय निघालं रे टाकीत?" मी तोंड उघडायच्या आत कारभारी बोलला, "साखरच ना?"

मी मान हलवली. हो म्हून हलवली का न्हाई म्हून हलवली, हे कुनाला कळू नये अशी हलवली. पन त्यांना हो पाहिजे व्हतं, त्यांनी हो घेतलं. मालक म्हनला, "मदारकडून ही अपेक्षा नव्हती." तो मंगळवार व्हता. साहेब बेस्तरवारी मानसं घेनार व्हता.

बुधवारी सकाळी माय भाकरी थापायली आन् मी पुढ्यातली भाकरी मोडून मोडून तिचा भुगा करायलो. ती म्हनली, "मेंढरू चारा सोडतं तवा त्याच्या पोटात काय असतं ते मला कळतं. बोल." मी समदं बोललो. तिला पहिलं काय लागलं म्हनता? चाचाचं न्हाई. "माझी घोंगडी केस सोडती?" ती म्हनली. उठली, नरसाळ्यातला तुकडा मागून घेतला, पांढऱ्या लुगड्याच्या धडप्यावर घासला. धडप्यावर काळे केस आन् पिवळी भुकटी. तिचं तोंड उतरलं. इतक्या वरसांत तिनं तिची घोंगडी कवाच अशी घासून बघितली नव्हती, बघायचं कारनच नव्हतं. ती चुलीतला जाळ मागं वढून म्हनली, "तो गोळा कुठं हाय? घे. चल."

ओट्यावर मालक, कारभारी आन् दोन-चार मानसं. मी पुढं झालो आन् म्हनलो, "मालक, साखर न्हाई, घोंगडी निघाली." लोक हसले. माझी जीभ अशी घातकी, की हसू आयकलं की तिला चेव येतो. मी आरशाचं सांगितलं, बाच्या वहानंचं सांगितलं, फट् फट् काढून दाखवलं. लोक पोट धरून हसले. आन् हसून झाल्यावर कारभारी डोळे पुसत म्हनला, "पुरे रे सोंगाड्या. म्हाताऱ्याला वाचवायला केवढं नाटक!" मालकबी हसत व्हता. मी खरं सांगत व्हतो आन् एकाचाबी इस्वास बसंना. आयुष्यभर समद्यांला हसवलं, त्याचं फळ मला त्या ओट्यावर मिळालं. मी म्हनलो, "खरंच मालक," तर आनखी हसले.

माय ओट्याखाली डोक्यावर पदर घेऊन उभी व्हती. मालकाफुडं ती जन्मात बोलली नव्हती. ती म्हनली, "मालक, ह्याच्या बोलन्यावर जाऊ नका. ह्या गोळ्याचा वास घ्या."

मालकानं पान नाकाजवळ नेलं आन् तोंड वाकडं केलं.

"कडू हाय ना? कडुलिंब हाय. माझ्याशिवाय गावात कोनी खळीत पाला घालत न्हाई. खळ माझी हाय, केस आमच्या मेंढीचा हाय, आन् नरसाळ्यात तुकडा लावनारा ह्यो माझा हाय. घोंगडी केस सोडती मालक. बाजारात सांगायचं तर सांगा."

कुनी हसलं न्हाई. कारभारी म्हनला, "मग साखर?"

"साखर व्हतीच कुठं? आमच्या घरी असती तर ह्यानं आधी चहात घातली असती," माय म्हनली आन् पदर पुढं वढून घराकडं चालायला लागली.

मालकानं ते पान ओट्यावर ठिवलं. मग माझ्याकडं हात पुढं केला. "चावी." मी दिली. "मेंढरामागं जा. आणि मदारला सांग, परत ये म्हणावं गाडीवर." मग कारभाऱ्याकडं वळून म्हनला, "दौत घ्या. तो नाही म्हणाला तर चिठ्ठी तयार पाहिजे." मालक सांगत गेला, आन् ज्यानं साखरेची गोष्ट काढली त्याच्याच हातानं ती चिठ्ठी लिहिली गेली. मी कान देऊन उभा व्हतो. कवा न्हाई ते समदं ध्यानात राह्यलं.

चाचाला पुढं येलदरीला काम लागलं, लय वरसं त्यानं तिथं गाड्या चालवल्या. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारन मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं हाय.

त्याच दुपारी मी चिठ्ठी घेऊन गेलो. मालकाचा निरोप सांगितला. चाचा म्हनला, "मालकाला माझा सलाम सांग. गाडीला बी सांग. मला चिठ्ठी बस." त्यानं ती उघडली आन् उजेडाकडं धरली. त्याला उर्दू वाचता यायचं, हे मराठी अक्षर त्याला येत नव्हतं. मला कोनतंच येत नव्हतं. आमी दोघं त्या कागदाकडं असे बघायलो, जसं मी पहिल्या दिशी बॉनेट उघडून आत बघितलं व्हतं.

"काय लिहिलंय?" चाचानं मला इचारलं.

मला इचारलं! गावात इचारायला दुसरी किती मानसं व्हती. मी हात खाली सोडून सरळ उभा राह्यलो. मालकाचा आवाज काढायचा मोह झाला, तो गिळला. माझ्याच आवाजात, मालक बोलला तसंच सांगितलं. "मदार यानं माझ्याकडं वीस वर्षं गाडी चालवली. ह्या मानसाचा हात आन् जबान दोन्ही साफ हाय. त्याच्यावर आळ आला तो खोटा व्हता. तो आमच्याच मानसानं..."

"पुढं?"

"आमच्याच मानसानं आनला."

"तुझं नाव लिहिलंय का?"

"न्हाई."

"हं," तो म्हनला, आन् चिठ्ठीची चौघडी केली.

बेस्तरवारी सकाळी मी मेंढरं घेऊन सडकेच्या कडंच्या माळावर व्हतो. चाचा धुतलेला शर्ट घालून, फडक्यात भाकरी बांधून निघाला. वाटंवर शाळा. मास्तर दारातच उभा व्हता, लिंबाच्या काडीनं दात घासत. त्यानं आवाज दिला, "कुठं निघालात चाचा?" मला वाटलं, आता हा थांबनार, चिठ्ठी काढनार, मास्तरकडून वाचून घेनार. मी असतो तर घेतली असती. माझ्या तोंडून आयकलेल्या गोष्टीवर मी सोता कवा इस्वास ठिवला नसता.

चाचा थांबला न्हाई. चालता चालताच त्यानं मास्तरला सलाम केला, म्हनला, "येलदरीला," आन् शाळा मागं टाकून सडकेला लागला. चिठ्ठी खिशातच व्हती.